साहेब, तीन मांजरं आणि वेताचं कडं

वासूअण्णांच्या घरात स्वयंपाकघराचं दार उघडायचं तर आधी खांद्यावर वेताचं कडं असावं लागतं. कडं लहान मुलांच्या सायकलच्या चाकाएवढं आहे. त्याला खाली चामड्याची पिशवी शिवली आहे आणि पिशवीत मोसंबीएवढा लाकडी गोळा आहे, लाल रंगवलेला. दाराला कुलूप नाही. साधी कडी आहे. पण कडं खांद्यावर नसेल तर ती कडी कुणी काढत नाही.

कारण दाराच्या एका बाजूला तीन मांजरं राहतात आणि दुसऱ्या बाजूला चोचीपासून शेपटीपर्यंत पावणेतीन फुटांचा पोपट.

दोन वर्षांपूर्वी मी धारवाडात माळमड्डीला या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो. नोकरी हुबळीत, वर्तमानपत्राच्या कचेरीत, दुपारनंतरची. सकाळ मोकळी. पहिल्याच सकाळी दुधाची पिशवी चुकून माझ्या दारात पडली होती ती द्यायला खाली गेलो. हॉलचं दार उघडं होतं. आत पांढरा शर्ट, पांढरी पँट घातलेले, सत्तरीचे, सडपातळ गृहस्थ स्टुलावर ताठ बसले होते. त्यांनी उजवा हात वर केला.

"थांबा. लाईन क्लिअर नाही."

मी उंबऱ्यावर थांबलो. हॉलमधून एक काळं, एका कानाचं मांजर सावकाश चालत स्वयंपाकघराकडे गेलं. मध्येच बसलं. अंग चाटलं. पुन्हा उठलं. ते आत गेल्यावर गृहस्थांनी दाराची कडी लावली, खिशातून घड्याळ काढून पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"आता या. चार मिनिटं डिटेन्शन झालं तुम्हाला. कारण, मांजर."

वासूअण्णा छत्तीस वर्षं रेल्वेत होते. त्यातली बहुतेक वर्षं अळणावरच्या पलीकडे, जंगलातल्या लहान स्टेशनांवर स्टेशनमास्तर म्हणून गेली. तेव्हा तिथं एकेरी लाईन होती. एकेरी लाईनवर दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी असावी लागते. ती कशी ठरवायची? ड्रायव्हरच्या हातात टोकन द्यायचं. टोकन म्हणजे असाच गोळा, अशाच कड्यात. टोकन आहे तर पुढं जा, नाही तर उभा राहा. आता तिकडं डबल लाईन झाली, टोकनं मोडीत गेली. वासूअण्णांच्या घरात मात्र हॉल ही अजून एकेरी लाईन आहे. हॉलच्या डाव्या हाताला पोपटाची खोली, उजव्या हाताला स्वयंपाकघर आणि मागची पडवी. डावं स्टेशन अण्णांचं, उजवं अक्कांचं.

अक्का म्हणजे सुमतीअक्का, अण्णांची मोठी बहीण. वय शहात्तर. शाळेत गणित शिकवत होत्या. लग्न केलं नाही. घर त्यांचं, मांजरंही त्यांची. काळ्या एककान्या बोक्याचं नाव हेडमास्तर. दुसरी पिवळट, मऊ, तिचं नाव बेण्णी. कानडीत लोण्याला म्हणतात तसं. तिसरी पुटाणी. ती फुटाण्याएवढी होती तेव्हा सापडली आणि नाव पडलं. आता ती पुटाणी राहिलेली नाही.

कड्याचा नियम असा. मांजरांना हॉलमध्ये सोडायचं असेल तर अक्कांनी दाराशी येऊन विचारायचं, "वासू, लाईन क्लिअर?" अण्णांनी पोपट खोलीत आहे, कडी लागलेली आहे, हे डोळ्यांनी बघायचं, मग "लाईन क्लिअर" म्हणून कडं द्यायचं. मांजरं परत गेली की अक्कांनी कडं परत करायचं. पोपटाला बाहेर आणायचं असेल तर हेच उलट्या बाजूनं. माणसांनाही सूट नाही, कारण माणसाच्या पायांतून मांजर निघतं. म्हणजे अक्कांना भाजीवाल्याकडे जायचं झालं तरी आधी कडं. दिवसातून हे पंधरा-वीस वेळा होतं.

"साधं जाळीचं दार बसवा की," मी एकदा म्हटलं.

अण्णांनी माझ्याकडे वाईट बातमी वाचावी तसं पाहिलं. "पेपरवाले, जाळीला अक्कल असते का? टोकनच्या मशीनला दोन टोकांना दोन माणसं लागतात. इकडचा मास्तर कितीही मुठी आपटू दे, तिकडच्यानं तिकडून दाबल्याशिवाय गोळा बाहेर पडत नाही. एकट्यानं टोकन निघतच नाही. म्हणून अपघात होत नाही."

ते मला आजवर पेपरवालेच म्हणत आले. नाव त्यांना माहीत होतं.

पोपटाचं नाव साहेब. हे नाव अण्णांनी दिलं. "छत्तीस वर्षांत कुठलाही साहेब माझ्या स्टेशनवर दहा मिनिटांच्या वर थांबला नाही," ते म्हणाले. "हा पन्नास वर्षं थांबणार आहे."

साहेब मकाव जातीचा आहे. पाठ निळी, पोट पिवळं, तोंड पांढरं आणि त्यावर काळ्या बारीक रेघा, सही करावी तशा. कागदपत्रं सरकारी नोंदणीसकट आहेत आणि फाईलमध्ये आहेत. तो बोलत नाही. आल्यागेल्या प्रत्येकानं त्याला राम राम म्हणायला लावून पाहिलं. साहेब मान वाकडी करून ऐकून घेतो आणि गप्प राहतो. ओरडतो मात्र. तो ओरडला की कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला इस्त्री उचलून धरतो. त्याला धारवाडी पेरू, उकडलेलं कणीस आणि बिनमिठाचा भात लागतो. आजवर त्यानं छत्रीची मूठ, पलंगाचा एक खूर आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातले पूर्ण तीन महिने खाल्ले आहेत.

तो आला कसा, हे मला अक्कांनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी अण्णा खाटेचा पाय वेल्डिंग करून आणायला हुबळीला कमरीपेठेत गेले. वर्कशॉपच्या मालकानं मुलाच्या हट्टापायी हा पक्षी घेतला होता. मुलगा शिकायला बेंगळुरूला गेला. पक्षी लेथच्या आवाजाला उत्तर म्हणून दिवसभर ओरडायचा आणि छातीवरची पिसं स्वतःच उपटायचा. अण्णा त्याच्यासमोर दोन तास उभे राहिले. मालक म्हणाला, "तगोंड होग्री, अण्णा. घेऊन जा. पुण्य लागेल." अण्णा खाटेचा पाय तिथंच विसरले.

"रिक्षातून उतरला तो पोपट घेऊन," अक्का म्हणाल्या. "मी म्हटलं, वासू, हे काय? म्हणतो, बदली झाली याची. माझ्या दारात तीन मांजरं बसलेली. तिघं एका ओळीत बघायलेत. हेडमास्तरनं तर जीभ फिरवली, मी बघितलं."

अक्कांनी तिथंच अट घातली. मांजरांच्या बाजूला या पक्ष्याचं एक पीस जरी सापडलं, तरी त्याच दिवशी तो कमरीपेठेला परत. मांजराच्या जिवाशी खेळ नको आणि पक्ष्याच्याही नको. अण्णा म्हणाले, "मंजूर." रेल्वेत तोंडी काही नसतं म्हणून त्यांनी ती अट वहीत लिहिली, दोघांनी सह्या केल्या, आणि पुढच्या आठवड्यात अण्णांनी त्याच वर्कशॉपमधल्या लेथवर लाकडी गोळा करून आणला.

"काय लिहिलं ते मी वाचलंही नाही," अक्का म्हणाल्या. "चष्मा आत होता."

वहीबद्दल सांगायला हवं. अण्णा तिला डायरी म्हणतात. लांबट, जाड पुठ्ठ्याची, वर्षाला दोन लागतात. रकाने पाच. वेळ, कोण, कुठून कुठं, डिटेन्शन, कारण. नमुन्यादाखल: "सकाळी ८.०५. बेण्णी. स्वयंपाकघर ते हॉल. डिटेन्शन ११ मिनिटं. कारण, उंबऱ्यावर विचार करत बसली." किंवा: "दुपारी ४.२०. साहेब. खोली ते हॉल. डिटेन्शन ३ मिनिटं. कारण, इच्छा नाही." डिटेन्शन झालं आणि कारण लिहिलं नाही असं त्या डायऱ्यांत कुठंही नव्हतं. मी पाहिलं आहे. कारण सापडलं नाही तर अण्णा तसं लिहितात, "कारण, शोध चालू."

दर मंगळवारी सकाळच्या गाडीनं ते अळणावरला जातात आणि संध्याकाळी परत येतात. काम एकच. स्टेशनच्या घड्याळाशी आपलं घड्याळ लावून घ्यायचं. मोबाईलवर बरोबर वेळ दिसते असं मी सांगितलं. ते म्हणाले, "दिसते. पण मोबाईलच्या घड्याळाखाली बाक नाही."

आता माझी चूक. या घराशी संबंध नसलेल्या माणसाला ती चूक वाटणारही नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी अक्कांचा सिलिंडर बदलायचा होता. अण्णांनी रीतसर कडं माझ्या खांद्यावर घातलं, मी आत गेलो, सिलिंडर बदलला, बाहेर आलो, कडी लावली. तेवढ्यात कचेरीतून फोन आला, लवकर या. मी तसाच निघालो. बस नवनगरला पोचली तेव्हा शेजारच्या बाई म्हणाल्या, "हे काय री? व्यायामाचं काय?" मी खांद्याकडे पाहिलं.

मी फोन केला.  अण्णा अगदी हळू म्हणाले, "टोकन सेक्शनबाहेर गेलं. माझ्या छत्तीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं."

"अण्णा, कडी काढा नुसती. मी संध्याकाळी आणून देतो."

"रेल्वेत असं चालत नाही."

मी पुढच्या थांब्यावर उतरून उलटी बस धरली. मधे फाटक बंद, मग मिरवणूक. घरी पोचायला अडीच तास लागले. त्या अडीच तासांत अण्णा हॉलमध्ये होते आणि त्यांचं जेवण स्वयंपाकघरात होतं. टोकन निकामी झालं तर रेल्वेत कागदावर परवानगी मागतात. अण्णांनी दाराखालून चिठ्ठी सरकवली: "टोकन उपलब्ध नाही. सेक्शन मोकळा आहे. भोजन पाठवण्यास हरकत आहे काय? सही." अक्कांनी त्यावर लाल पेननं शुद्धलेखन तपासून उत्तर लिहिलं: "हरकत आहे. मांजरं दारातच आहेत. भूक किती लागली आहे ते लिहावे." अशा सात चिठ्ठ्या गेल्या आणि सात आल्या. शेवटी अक्कांनी मागच्या दारानं घराला वळसा घालून खिडकीतून ताट दिलं.

मी घामाघूम होऊन कडं घेऊन आत आलो तेव्हा अण्णा खिडकीशी उभे राहून ताक-भात खात होते आणि खिडकीबाहेर अक्का छत्री धरून उभ्या होत्या. दोघंही मला बरेच खुशीत दिसले. अक्का जर मागच्या दारानं वळसा घालून येऊ शकत होत्या, तर पहिल्या चिठ्ठीलाच का आल्या नाहीत, हे विचारायचं मला त्या वेळी सुचलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. सोमवारी दाखल व्हायचं, गुरुवारी घरी. अण्णांना ऑपरेशनची काळजी नव्हती. चार्ज कुणाला द्यायचा ही होती. अक्कांचे गुडघे दुखतात, दोन्ही स्टेशनं त्यांना एकट्यानं झेपायची नाहीत. तेव्हा रिलीव्हिंग मास्तर म्हणून माझं नाव निघालं. दहा दिवस माझी परीक्षा झाली.

"साहेब हॉलमध्ये आहे. अक्का दार वाजवतात. दूध उतू जायलंय म्हणतात. काय कराल?"

"कडं देईन."

"नापास. आधी साहेब आत. दूध गेलं तर दुसरं येतं."

दहाव्या दिवशी त्यांनी मला पास केलं, पण खूश होऊन नाही. सोमवारी सकाळी रिक्षा दारात उभी असताना त्यांनी डायरी, कडं, पेरूंची पिशवी आणि घड्याळ माझ्या ताब्यात दिलं. चार्ज दिला, चार्ज घेतला, दोन सह्या. मग ते साहेबाच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावून घेतली. बाहेर आले तेव्हा शर्टाचं वरचं बटण नव्हतं. साहेबानं खाल्लं होतं. अण्णांनी शर्टही बदलला नाही, तसेच रिक्षात बसले.

"एकच सांगतो, पेपरवाले. डायरीत खोटं लिहू नका."

मी तीन दिवस रजा टाकली होती. सोमवार नीट पार पडला. रोजच्यासारखंच पंधरा-वीस वेळा "लाईन क्लिअर" झालं. अक्का दाराशी येऊन विचारत होत्या, मी कडं देत होतो. फक्त त्यांचा आवाज जरा कोरडा होता. मी कडं दिलं की घेऊन जात होत्या, दाराशी रेंगाळत नव्हत्या.

मंगळवारी अकराच्या सुमाराला मी वर होतो. मोबाईलचा चार्जर खाली विसरला म्हणून वेळ नसताना खाली आलो. हॉलचं दार ढकललं.

अक्का आरामखुर्चीत बसून मेथी निवडत होत्या. खुर्चीच्या पाठीवर साहेब बसला होता आणि अक्कांच्या अंबाड्यातली पिन काढायच्या खटपटीत होता. खुर्चीखाली बेण्णी झोपली होती. पुटाणी मेथीच्या काड्यांशी खेळत होती. खिडकीत हेडमास्तर उन्हाला पाठ करून बसला होता. दोन्ही दारं सताड उघडी होती. कडं खुंटीवर होतं.

मी उभाच राहिलो.

"दार लाव," अक्का म्हणाल्या. "वारं येतंय."

"अक्का, हे..."

"बस की. आज मंगळवार आहे."

मग त्यांनी सांगितलं. मेथी निवडणं थांबवलं नाही. साहेब आला त्याच्या दुसऱ्या महिन्यात अण्णा एका मंगळवारी अळणावरला गेले. खोलीत एकटा पडलेला साहेब ओरडायला लागला आणि पिसं उपटायला लागला. अक्कांना मांजरं आत घेऊन त्याला बाहेर काढायचं होतं. नियमाप्रमाणे त्या दाराशी गेल्या आणि त्यांच्या ध्यानात आलं की विचारायला पलीकडे कुणी नाही.

"मग मी लाटणं घेतलं हातात आणि दोन्ही कड्या काढल्या. म्हटलं, होऊ दे एकदाचं. हेडमास्तर गेला पुढं, ऐटीत. साहेबानं पंख पसरले. चार फूट! आणि चोच उघडली. हेडमास्तरला एकदम दुसरं काम आठवलं. तिथंच बसला, पाय चाटत. तेव्हापासून आहे हे असं."

"चार वर्षं?"

"मंगळवारी फक्त."

"मग अण्णांना सांगायचं ना. हे कडं, डायरी, रोजचं वीस वेळा..."

अक्कांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "तुला तो आता दिसतो, श्रीपाद. रिटायर होऊन आला तेव्हा बघायला पाहिजे होतास. सहा वर्षं या हॉलमध्ये बसून होता. मी विचारायची, जेवलास? हो. झोपलास? हो. संपलं. जंगलात एकटा राहून राहून माणूस बोलायचं विसरला होता. तिकडं त्याला दिवसात बोलायला एकच माणूस, पुढच्या स्टेशनचा मास्तर, तोही फोनवर. बोलायचं काय? लाईन क्लिअर. शेजारच्या बाई मला विचारायच्या, तुमच्या भावाला ऐकू येत नाही का हो? आणि मग हा आला." त्यांनी अंगठ्यानं मागं साहेबाकडे दाखवलं. "लोक पोपटाला बोलायला शिकवतात. आमच्याकडं उलटं झालं."

मी चार्जर घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. ओट्याखाली हेडमास्तरची टोपली आहे. टोपलीत, जुन्या साडीच्या घडीवर, एक पीस होतं. वीतभराहून लांब. वरून निळं, उलटं धरलं की पिवळं.

मी ते घेऊन बाहेर आलो. अक्कांनी पाहिलं. 

"गळालेलं आहे ते," त्या म्हणाल्या. "पिसं गळतात त्याची. हेडमास्तर उचलून नेतो. मी एरवी टोपली झाडून ठेवते. पण मंगळवारी संध्याकाळी कधी सापडत नाही मला काही. म्हटलं, बोकाच कुठंतरी टाकून येतो."

"चार्ज माझ्याकडे आहे, अक्का."

"लिहिणार आहेस?"

मी वर जाऊन अण्णांच्या पेटीतली पहिली डायरी काढली. जुन्या डायऱ्यांची ती पेटीही चार्जमध्ये माझ्याकडे वर आली होती. अट पहिल्याच पानावर होती, अण्णांच्या कोरीव अक्षरात. मांजरांच्या हद्दीत पीस आढळल्यास त्याच दिवशी पक्षी कमरीपेठेस परत. खाली एक ओळ वेगळी लिहिली होती: "जावक: पक्षी १, इसम १." त्याखाली वासूअण्णांची सही आणि चष्म्याशिवाय केलेली अक्कांची.

मी डायरी खाली नेली आणि ते पान अक्कांसमोर धरलं. या वेळी चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. साहेब खुर्चीवरून खाली उतरला आणि मेथी खायला लागला. त्याला कुणी अडवलं नाही.

"गाढव आहे," अक्का म्हणाल्या. "इसम म्हणे. कुठं जाणार होता हा? लेथवर झोपणार होता?"

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"खोटं लिहू नको," त्या म्हणाल्या. "कमी लिही."

आमच्या धंद्यात हे रोज करावं लागतं. मी लिहिलं: "मंगळवार, सकाळी ११.१५. पीस १ आढळले. रंग निळा. पक्षी सुखरूप. मांजरे सुखरूप." कुठून कुठं हा रकाना रिकामा ठेवला.

अण्णांना गुरुवारी संध्याकाळी सोडणार होते. दुपारी दोनलाच सोडलं. मी त्यांना रिक्षातून घेऊन आलो. हॉलमध्ये कुणी नव्हतं. साहेबाची खोली उघडी होती आणि पिंजरा रिकामा होता. स्वयंपाकघराचं दार आतून बंद होतं.  अण्णांनी खोलीकडे पाहिलं, पिंजऱ्याकडे पाहिलं, आणि स्टुलावर बसले.

"डायरी," ते म्हणाले.

मी दिली. त्यांनी सोमवार वाचला. मान हलवली. मंगळवार वाचला. बोट त्या रिकाम्या रकान्यावर थांबलं.

"ठिकाण राहिलंय."

मी खुंटीवरून कडं काढून हातात घेतलं.

"तीस वर्षांपूर्वी असतात तर सस्पेंड केलं असतं तुम्हाला." त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "हॉल." खाली सही केली. मग म्हणाले, "माझ्या पलंगाखाली बिस्किटांचा डबा आहे. आणा."

डबा पत्र्याचा, चौकोनी होता. झाकण उघडलं. आत निळी पिसं होती, लहान-मोठी, पाच-पाचाच्या जुड्या दोऱ्यानं बांधलेल्या. प्रत्येक जुडीला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारखा. सगळे मंगळवार. पिसांच्या खाली, लाल पेननं शुद्धलेखन तपासलेल्या सात चिठ्ठ्या घडी करून ठेवल्या होत्या.

"अळणावरहून आलो की आधी टोपली बघतो," अण्णा म्हणाले. "अक्का संध्याकाळी तुळशीपाशी असते, तेवढ्यात. परवाचं राहिलं, कारण मी नव्हतो. द्या ते इकडं."

मी लांब लिफाफ्यातून पीस काढून दिलं. त्यांनी ते उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि डब्यात ठेवलं.

"चार वर्षं तुम्हाला माहीत होतं?"

"मास्तर आहे मी."

"मग कडं कशाला, अण्णा?"

त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. पटकन बसेना. मी मदत करायला हात पुढं केला तो त्यांनी बाजूला केला.

"तुम्ही हुबळीला जा आता," ते म्हणाले. "उशीर होईल. चार्ज घेतला मी."

दोन सह्या झाल्या. मी कडं त्यांच्या खांद्यावर घातलं. टाके होते म्हणून ते हळू उठले, भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि कडीला हात न लावता दार वाजवलं.

"अक्का, लाईन क्लिअर?"

आत काहीतरी पडलं. पंखांचा मोठा फडफडाट झाला. मग अक्कांचा दबका आवाज: "सुम्न... गप बस..." आणि मग मोठ्यानं, "कोण, वासू? संध्याकाळी येणार होतास ना?"

"लवकर सोडलं."

"थांब. दोन मिनिटं."

"थांबतो."

मी चपला घालत होतो. अण्णांनी पायानं स्टूल ओढून घेतलं आणि बंद दाराला टेकून बसले. दाराच्या पलीकडेही पाट सरकवल्याचा आवाज झाला.

"टाके दुखतात?" दारामागून अक्का म्हणाल्या.

"नाही. खोकलं की दुखतात."

"मग खोकू नको. पेज करू?"

"कर."

"मीठ चालतं का, विचारलंस डॉक्टरला?"

"नाही विचारलं."

"विचारायचं असतं, वासू. शर्टाचं बटण कुठाय?"

"तुला कसं दिसलं?"

"सोमवारी जाताना दिसलं. तसाच गेलास चार लोकांत."

मी निघालो तेव्हा दार बंदच होतं आणि बोलणं चालू होतं.

डायरी मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिली. गुरुवार, दुपारी २.४०. वासुदेव. हॉल ते स्वयंपाकघर. डिटेन्शन पस्तीस मिनिटं. पुढं कारणाचा रकाना होता. त्यात अण्णांनी काही लिहिलेलं नव्हतं.